बोटीत चढणारी मालगाडी

ओल्या दोरखंडाचा वास आला की मला आसामातला नदीघाट आठवतो. वडील रेल्वेत होते. तेव्हा पूल नव्हता, म्हणून मालगाडीचे डबे रुळांवरून थेट बोटीत चढवून पलीकडे नेत. लग्न होऊन कडावला आल्यावर मी हे सांगितलं, तर थोरल्या वन्सं ओरडल्या, "आये, हिची आगगाडी पोहते गं!" तेव्हापासून विहिरीवरच्या बायकाही मला थापाडी म्हणू लागल्या. पुढे वन्संच्या नवऱ्याची, तोही रेल्वेतलाच, त्याच घाटावर बदली झाली. दिवाळीला माहेरी आल्यावर वन्सं डोळे मोठे करून तेच सांगू लागल्या. सासूबाई हसल्या, "आता तू पन थापा मारतेस व्हय?" वन्सं माझ्याकडे वळल्या, "वयनी, तू तरी सांग गं, खरं हाय ना?" मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, "मला काय ठाऊक, वन्सं?" त्या रडत उठल्या. मी पोटभर जेवले, आणि इतक्या वर्षांनी आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.