करारावरची एक सही

मुरबाडच्या कॉलेजात आम्ही दोघी तीन वर्षं एकाच बाकावर बसलो. मी धसईजवळच्या शेतकरी घरातली, ती त्याच्याही पलीकडच्या, डोंगरातल्या वाडीवरची. कॉम्प्युटर लॅबमध्ये माझा प्रोग्रॅम अडला की सरांना हाक मारण्याआधी मी तिच्याकडे बघायचे.

पुढे लग्न होऊन ती आटगावला गेली. मी काही वर्षं ठाण्यात नोकरी केली, मग गावी परतून घरूनच सॉफ्टवेअरची फ्रीलान्स कामं घेऊ लागले. एकटीला झेपेना तेव्हा पहिला फोन तिलाच केला. ती तिच्या घरून काम करायची, मी माझ्या. गिऱ्हाइकांशी बोलायचं मी, कारण मला ते जमायचं आणि तिला संकोच वाटायचा.

कल्याणचा एक व्यापारी पोल्ट्रीवाल्यांना खाद्य पुरवायचा. शेडमध्ये पक्षी किती, खाद्य किती संपलं, रोज किती मेले, हे मोबाइलवर टिपून ठेवणारं ॲप त्याला हवं होतं. मी केलेलं बघून ती म्हणाली, "शेडवर रेंज नाय मिळत गो. माणूस आकडे टाकल, चाक नुसतं फिरत राहील, नि तो फोन खिशात टाकून देल."

मग दीड महिना खपून तिने ते बदललं. आकडे फोनमध्येच राहायचे आणि माणूस रेंजमध्ये आला की आपोआप पुढे जायचे. पोल्ट्रीवाल्यांनी ॲप घेतलं ते याचसाठी.

व्यापारी म्हणाला होता, "आता रोख कमी देतो. पण पुढे लोक महिन्याची वर्गणी भरतील, त्यात तुमचा कायमचा हिस्सा."

मी तिला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "दोघींचा ना?"

"दोघींचाच गं," मी म्हणाले. म्हणताना ते खरंच होतं.

करार आला. त्यात नावाला एकच जागा होती. व्यापारी म्हणाला, एकाच खात्यात पैसे टाकणं सोपं जातं. मी सही केली. तिला तिच्या कामाच्या दिवसांचे पैसे पाठवले. पहिला हिस्सा इतका किरकोळ होता की वाटायला काय काढायचं, असं वाटलं. नंतर तो वाढला. त्यातून बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मागच्या खोलीवर स्लॅब पडला. तोवर सांगायची वेळ निघून गेली होती. दर महिन्याला मी ठरवायचे, या वेळी सांगू. ती मध्येच विचारायची, "चाललंय का गो आपलं ॲप?" मी म्हणायचे, "बरं चाललंय."

म्हशाच्या जत्रेत व्यापाऱ्याने स्टॉल लावला. मला बोलावून शाल घातली आणि माईकवरून सांगितलं, "आपल्या तालुक्याच्या लेकीने एकटीने बनवलेलं ॲप! आज शेडशेडवर चालतंय!" टाळ्या झाल्या. मी हात जोडले. समोर बघितलं तर ती उभी होती, कडेवर लेक, हातात बांगड्यांची पुडी. जत्रेला म्हणून माहेरी आली असणार.

मी शाल काढून तिच्याकडे गेले. ती रागावलेली दिसत नव्हती.

"एकटीनं?" ती म्हणाली.

"तो म्हणाला गं, मी नाही."

"तू गप ऱ्हायलीस ना पण." लेकीची टोपी नीट करून ती गर्दीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी माझी सगळी कामं तिने परत पाठवली, जी जिथवर झाली होती तिथवर, नीट टिपणांसकट.

पंधरा दिवसांनी मी आटगावला गेले. ती एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती, नुकतीच शिफ्टवरून आली होती. तिने चहा केला. मी पहिल्या महिन्यापासूनच्या हिश्शाच्या निम्म्या रकमेचा चेक पुढे ठेवला. ती नको म्हणेल, मग मी आग्रह करीन, मग दोघी रडू, असं काहीतरी मनात धरून मी गेले होते.

तिने चेक घेतला. "माझंच हाय," म्हणाली.

"परत ये ना कामाला. करारात तुझं नाव घालून घेते."

तिने चेकची घडी करून डब्यात ठेवली. मग म्हणाली, "तू मला काम देतीस असं मला कधी वाटलंच नाय. मला वाटायचं, आपून दोघी करतो."

चहा तसाच राहिला.

व्यापाऱ्याच्या मागे लागून मी करार बदलून घेतला. "ते तुमचं आपसातलं," म्हणत त्याने महिनाभर टाळलं, पण बदलला. तिची सही घ्यायला मी कागद कुरियरने पाठवले, ते सहीनिशी परत आले. सोबत चिठ्ठी नव्हती.

तिचा हिस्सा आता थेट तिच्या खात्यात जातो. ती अजून पॅकिंगलाच आहे. मधल्या काळात मला दोन चांगली माणसं कामाला मिळाली. त्यांच्याशी पहिल्याच दिवशी मी सगळं कागदावर लिहून घेतलं. ती हुशार आहेत, वेळेवर काम देतात. पण माझा प्रोग्रॅम अडला तर त्यांना विचारायला माझी जीभ रेटत नाही. मी एकटीच त्याच्याशी झटत बसते.