दहा मिनिटांचा नियम

आम्ही बँकेतल्या चौघांनी लिंबायत या यंत्रमागांच्या वस्तीत कार्डांच्या खेळाची लीग काढली. पत्ते नव्हेत; ज्याने त्याने आपापली चित्रांची कार्डं जमवायची आणि रविवारी सकाळी साडेआठला खेळायला यायचं. दहा मिनिटं उशीर झाला की सामना गेला. हा दीडशहाणा नियम माझा. आठवला की अजून डोकं फिरतं.

खेळायला लूम चालवणारा एक कामगारही यायचा. यादीत त्याचं नाव होतं, मी ते कधी वाचलं नाही. लूमवर रात्रपाळी करून तो थेट यायचा. कार्डांना तेल लागू नये म्हणून आधी हात पँटला पुसायचा, मग कापडातला दोष शोधावा तसा प्रत्येक कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा.

फायनल त्याची आणि माझी होती. तो पावणेनऊला धापा टाकत आला. मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"बदलीचा माणूस आल्याशिवाय चालू मशीन सोडता येत नाही," तो म्हणाला. "तुमच्या बँकेला रविवारी कुलूप असतं, साहेब. लूमला कोण लावणार?"

"नियम म्हणजे नियम!" मी ओरडलो. त्याने कार्डं खिशात घातली आणि तो गेला. पुन्हा आला नाही.

कप माझ्या घरी आहे. परवा पाहुण्यांनी विचारलं, "फायनलला समोर कोण होतं?"

"कोणी नव्हतं," मी खेकसलो.