अलकनंदाचं वाळवंट

डब्लिनपासून अडीच तासांवरच्या आमच्या शॅननमध्ये घर बघताना लोक विमानांचा आवाज किती येतो ते बघतात, शाळा किती लांब आहे ते बघतात. अलकनंदाने फक्त सनरूमची दिशा बघितली. एजंट स्वयंपाकघर दाखवत होता आणि ही बाई मागच्या काचेच्या खोलीत फोनवरचं होकायंत्र उघडून उभी होती. "साउथ-वेस्ट आहे, चालेल," म्हणाली आणि घर ठरलं. त्या स्वयंपाकघरात दोन माणसं धड उभी राहू शकत नाहीत, हे तिच्या नवऱ्याला, चंद्रहासला, राहायला आल्यावर कळलं.

मी माधवी, त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण. मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, माझ्या हातून मनीप्लँटसुद्धा मरतो. पण त्या सनरूममध्ये बसून मी किती चहा प्यायले असेन त्याला गणती नाही. बाहेर शॅननचा तो आडवा पाऊस काचांवर आपटत असायचा आणि आत अ‍ॅरिझोनाचं वाळवंट मांडलेलं. अलकनंदाने तिथे वनस्पतिशास्त्रात एम.एस. केलं होतं. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिने बियांची पाकिटं मागवली आणि सगळं बीपासून वाढवलं. सवारो नावाचे ते उंच निवडुंग, जे मोठेपणी हात वर केलेल्या माणसासारखे दिसतात, ते तिच्याकडे जेमतेम वीतभर होते. हिरव्या सालीचं पालो वेर्दे होतं. मेस्कीट होतं, म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. आणि एक ओकोटियो होता, तो तर वाळक्या काटेरी काठ्यांची मोळी. महिनोन्‌महिने मेल्यासारखा उभा राहायचा आणि लहर आली की अंगभर पानं फुटायची.

नोकरी तिची एका औषधांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये. गोळी पाण्यात विरघळायला किती वेळ लागतो हे दिवसभर मोजायची. तिला त्याचा कंटाळा होता, पण कुरकुर करताना मी तिला कधी ऐकलं नाही. संध्याकाळी घरी आली की कोट न काढता आधी सनरूममध्ये जायची.

मराठी मंडळाची मुलं आली की बाईसाहेब खुलायच्या. सगळ्यांना जमिनीवर बसवून सांगायच्या, "सवारोचं बाळ उघड्यावर जगत नाही. दुसऱ्या झाडाच्या सावलीत बसून मोठं होतं. हात फुटायला साठ-सत्तर वर्षं लागतात. ते बघायला मी नसेन, तुम्ही या काठ्या टेकत." मुलं खिदळायची. चंद्रहास दारातून म्हणायचा, "मी विमानं उडतील असं बघतो, आणि ही न वाढणारी झाडं बघत बसते." तो हँगरमध्ये विमानदुरुस्तीवर होता. माणूस लाख होता. तिच्यासाठी त्यानेच सनरूममध्ये दिवे आणि मांडण्या ठोकून दिल्या होत्या.

आमच्या मराठी मंडळींना मात्र ही झाडं खुपायची. "घरात काटेरी झाडं? वास्तूला बरं नाही हं." हे म्हणणारे कोण, तर दिवसभर हृदयात घालायच्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे इंजिनिअर. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. अलकनंदा हसायची. "अहो, निवडुंगाचा काटा म्हणजे त्याचं पानच. ऊन अडवतं, पाणी वाचवतं. तुमच्या-आमच्या भांडणांत त्याला काडीचा रस नाही," म्हणायची आणि पुढ्यात चिवडा ठेवायची.

मागच्या वर्षी वसंतात चंद्रहासच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेना. ल्युकेमिया निघाला. उपचार डब्लिनला. अलकनंदाने रजा टाकली, नऊ वर्षांचा सुश्रुत माझ्याकडे जेवायला आणि अभ्यासाला यायला लागला आणि अमरावतीहून चंद्रहासची आई आली. विजयालक्ष्मीकाकू. ठेंगण्या, कामाला वाघ. विमानातून उतरल्या त्या दिवशी पदर खोचून पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या. चहाचा कप घेऊन सनरूमच्या दारात आल्या आणि तिथेच थबकल्या.

"काहून वं बाई," त्या म्हणाल्या, "घरात काटेच काटे काहून लावून ठेवले? अन् ही तं वेडी बाभूळ. आमच्याकडं नाल्याकाठी असते. हिले कोणी कुंडीत लावते का?"

अलकनंदाने त्यांनाही काटा म्हणजे पान हे सांगून बघितलं. काकूंनी ऐकून घेतलं. "तुहं शास्त्र तुह्यापाशी," म्हणाल्या. "मले एवढंच समजते, काटा घरात असला का दुखणं येते. माह्या पोराले आलं."

त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. एकुलता एक मुलगा होता त्यांचा. दिवसभर राबायच्या आणि सनरूमच्या दाराकडे पाठ करून बसायच्या. केमोची पहिली फेरी झाली, बरं वाटायला लागलं आणि जुलैत आजार परत उलटला, तेव्हा त्यांनी नुसतं त्या दाराकडे बघितलं. ते बघणं अलकनंदाने बघितलं. डब्लिनहून फोनवर चंद्रहास म्हणाला, "आई, तिच्या झाडांना हात लावायचा नाही. मी परत येऊन त्यांच्यातच बसणार आहे." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की काकूंनी फोन माझ्या हातात देऊन टाकला.

मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलं. दाता मिळाला, ऑक्टोबरात ते पार पडलं आणि घरी सोडण्याआधी तिथल्या नर्सने अलकनंदाला सगळं समजावून सांगितलं. त्याच्या अंगात आता प्रतिकारशक्ती म्हणून नाही. घरात ताजी फुलं नकोत, मातीच्या कुंड्या तर अजिबात नकोत. मातीतली बुरशी छातीत गेली तर जिवावर बेतेल.

"पाह्य, इथले डॉक्टर बी तेच म्हणतेत," काकू म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

"काकू, ते मातीबद्दल म्हणतायत, काट्यांबद्दल नाही," मी तडकून म्हटलं. अलकनंदाने माझा दंड धरला. "जाऊ दे गं. कुणाचंही खरं धरलं तरी कुंड्या बाहेरच जाणार आहेत."

त्याच दिवशी तिने सनरूम रिकामी केली. डोनल म्हणून आमच्या ओळखीचा एक म्हातारा, सिक्समाइलब्रिजच्या बाजूला पॉलिटनेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या बोगद्यासारख्या मांडवात, टोमॅटो लावतो. "दे'ल बी ग्रँड," म्हणजे मजेत राहतील, म्हणाला आणि आम्ही गाडीच्या तीन खेपा केल्या. अलकनंदाला माहीत होतं की ती ग्रँड राहणार नाहीत. थंडी एक वेळ सोसतील, पण टनेलच्या आतून पाणी ठिबकत होतं, नोव्हेंबर तोंडावर होता. तिने एकेक कुंडी फळ्यांवर उंच ठेवली, डोनलला पाणी अजिबात घालू नका म्हणून दोनदा सांगितलं आणि गाडीत बसल्यावर, "चल, त्याची खोली पुसायची आहे," एवढंच म्हणाली.

तीन सवारो मात्र तिने नेले नव्हते. सुश्रुत जन्मला त्या आठवड्यात पेरलेले. नऊ वर्षांत मुठीएवढे झालेले. ते तिने कुंडीतून काढले, मुळं पाण्याखाली धरून माती शेवटच्या कणापर्यंत धुतली, वाळवली, मग ते वर्तमानपत्रात गुंडाळून माडीवरच्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे ठेवले. निवडुंग मातीवाचून कित्येक आठवडे झोपून राहू शकतो. हे तिने मला सांगितलं, काकूंना नाही. "माती नाही म्हणजे बुरशीचा प्रश्न नाही," म्हणाली. मला ते पटलं. अजूनही पटतं. त्यात चूक काय होती, हे मला कोणीतरी समोर बसून सांगावं.

चंद्रहास घरी आला. केस गेलेले, ओठ फुटलेले, पण नाताळापर्यंत दोन घास जास्त खायला लागला. रिकाम्या सनरूममध्ये खुर्ची टाकून बसायचा. सुश्रुत स्वतः मास्क लावून त्याला गोष्टी वाचून दाखवायचा आणि त्याच्या इथल्या क्लेअर जिल्ह्याच्या वळणाच्या इंग्रजीला हा मराठीतून टोमणे मारायचा. आम्हाला सगळ्यांना वाटलं, सुटलो.

जानेवारीत ताप आला. अ‍ॅम्ब्युलन्सने परत डब्लिन. अलकनंदा तिकडे आठवडाभर राहिली, मग कपडे न्यायला आणि सुश्रुतला बघायला एका दिवसापुरती आली. मी मदतीला गेले होते. ती खाली बॅग भरत होती, वर काकू टॉवेल काढत होत्या आणि एकदम "आई गं" ऐकू आलं. मी धावत गेले तर काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. बोटातून रक्त येत होतं आणि मांडीवर वर्तमानपत्राचं ते पुडकं होतं, उघडं.

अलकनंदा खालून वर आली. मला वाटलं आता काकू आकाशपाताळ एक करतील. त्या ओरडल्या नाहीत.

"कधीपासून हाय हे इथं?" त्यांनी विचारलं.

"चंद्रहास घरी आला त्याच्या आदल्या दिवसापासून," अलकनंदा म्हणाली.

काकूंनी मान हलवली. रक्ताचं बोट पदरात धरलं आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. मी अलकनंदाला म्हटलं, "त्यांचं मनावर घेऊ नकोस. तूच सांगितलंयस ना मला, माती नाही." तिने पुडकं उचललं, खाली गेली, मागचं दार उघडलं आणि पावसात चपला न घालता जाऊन ते तिन्ही सवारो ब्राउन बिनमध्ये, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या पेटीत, टाकले. झाकण लावलं. मग ते परत उघडून हाताने खाली दाबले. आत आली तेव्हा तिच्या तळहातात काटे होते. मी चिमटा घेऊन बसले, तर म्हणाली, "राहू दे. बस चुकेल."

चार दिवसांनी चंद्रहास गेला. मोठ्या डॉक्टरांशी बोलायला तिच्याबरोबर मी होते आणि मी मुद्दाम विचारलं, घरातल्या कशाने हे झालं का, झाडाने वगैरे. त्या बाई म्हणाल्या, नाही. हा विषाणू त्याच्या अंगात लहानपणापासून झोपलेला होता, तो जागा झाला. घरात कोणी काहीही केलं असतं तरी फरक पडला नसता. अलकनंदा ऐकत होती. तिने त्या विषाणूबद्दल दोन नेमके प्रश्नही विचारले. मला वाटलं, बरं झालं, तिच्या कानावर पडलं.

अंत्यसंस्कार शॅननलाच झाले. काकू तेरावा करून अमरावतीला गेल्या. जाताना सुनेला जवळ घेऊन रडल्या, दोष दिला नाही. अलकनंदा कामावर रुजू झाली. सनरूमला तिने जाड पडदे लावले आणि तिथे इस्त्रीचं टेबल ठेवलं. झाडांचं नाव मी काढलं नाही, तिनेही काढलं नाही. मी मनात म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत.

मे महिन्यात डोनलचा फोन आला, येऊन बघून जा म्हणून. मी एकटीच गेले. सवारो सगळे फळीवर ओळीने उभे होते, बाहेरून हिरवेगार. एकाला बोट लावलं तर ते आत गेलं आणि घाण पाणी बाहेर आलं. पालो वेर्देची साल काळी पडली होती. मेस्कीट गेलं होतं. डोनल टोपी हातात घेऊन उभा होता, त्या बिचाऱ्याचे डोळे भरून आले होते. पण कोपऱ्यातला ओकोटियो, ती काठ्यांची मोळी, तळापासून शेंड्यापर्यंत पानांनी भरली होती. कोवळी, ओली हिरवी पानं, काट्याकाट्याच्या बगलेतून फुटलेली. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. कुंडी पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला आणि सरळ तिच्या घरी आले.

दार सुश्रुतने उघडलं. "मॅम! इट्स द ओकोटियो! इट्स अलाइव्ह!" तो आत बघून आईला ओरडला आणि कुंडीला हात घालायला पुढे झाला.

अलकनंदा स्वयंपाकघरातून आली, तिचे हात पिठाचे होते. तिने झाडाकडे बघितलं. एक क्षण, अगदी एकच क्षण, तिचा चेहरा पूर्वीसारखा झाला. बोट पुढे करून तिने एका पानाला स्पर्श केला. मग सुश्रुतचा खांदा धरून त्याला मागे ओढलं, इतक्या जोरात की तो कळवळला.

"आत आणू नकोस," ती म्हणाली.

"अगं, माती बदलून देते. आणि आता घरात कोण आजारी आहे?" मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "अलकनंदा, तू शिकलेली बाई आहेस. डॉक्टर काय म्हणाल्या ते तू स्वतः ऐकलंस. काटा म्हणजे पान, हे तूच आम्हाला..."

"माहितेय मला," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "सगळं माहितेय. तुझ्यापेक्षा जास्त माहितेय, माधवी. पण घरात सुश्रुत आहे."