सिमलाकाकूंचा बर्फ

सिमलाकाकू ओल्या फरशीवरून चालत नसत, घसरत.

आमच्या भाईंदरच्या चाळीत सगळ्यांना मिळून एक नळ होता आणि नळापासून खोल्यांपर्यंतची वाट कायम ओली. शहाबादी फरशी, तिच्यावर शेवाळ. आम्ही बायका भिंतीला धरून, पाऊल दाबत दाबत चालायचो, तरी अधूनमधून कोणीतरी हंड्यासकट आडवी व्हायचीच. काकूंचे यजमान नाना तर भर उन्हाळ्यातही भिंत सोडत नसत. आणि काकू? दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या, पदर खोचलेला, एक पाय पुढे, मग दुसरा, अशा सुळकन दारापर्यंत! मी नुकतीच लग्न होऊन पेणहून आले होते. ते बघून माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. काकू थांबल्या. म्हणाल्या, "पाय उचलायचा नाही, सोडून द्यायचा. समजलीस?" मी तसं करायला गेले आणि दाणकन आपटले. मला उठवताना म्हणतात कशा, "पडायचं तर बसून पडावं, शालू. ताठ पडतो तो मोडतो."

त्यांचं नाव कुसुम. वडील रत्नागिरीचे, पण नोकरी सिमल्याच्या सरकारी छापखान्यात, त्यामुळे काकूंचं बालपण तिथलं. हिवाळ्यात तिथे मैदानात पाणी सोडून त्याचा बर्फ करतात आणि लोक बुटांखाली लोखंडी पाती आवळून त्याच्यावरून फिरतात, असं त्या सांगायच्या. शाळेतल्या गोऱ्या बाईंनी मायदेशी परत जाताना आपली पाती कुसुमला दिली. ती पोर शाळा सुटली की थेट बर्फावर. मग सतराव्या वर्षी मिठागराच्या कचेरीतल्या कारकुनाशी लग्न झालं आणि बर्फ सुटला तो सुटलाच.

चाळीत यावर कोणाचा विश्वास नव्हता. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीवर टाकायचा. त्यावर गिरक्या घेणारी बाई म्हणजे शुद्ध थाप! "आज परत सिमला निघाला वाटतं," असं म्हणून बायका डोळे मिचकावायच्या, आणि तेच नाव पडलं. काकू रागावत नसत. "तुम्ही नका मानू, माझ्या पायांना ठाऊक आहे," एवढंच म्हणायच्या.

खंडेनवमीला मात्र नानांच्या पाटावर अडकित्ता, विळी आणि हातोडीच्या शेजारी दोन लोखंडी पाती दिसायची. मी त्यांना मोडक्या विळ्यांची पाती समजून हळदकुंकू वाहून आले होते. खाडीचं खारं वारं असं की एका पावसाळ्यात दाराच्या कडीचा भुगा व्हावा. ती पाती मात्र लख्ख. नाना दरवर्षी त्यांना तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवायचे. कधी त्यावर बोलायचे नाहीत.

पासष्टीनंतरची गोष्ट. म्हणजे साल पासष्ट, काकूंचं वय नव्हे, त्या पन्नाशीच्याही अलीकडे होत्या. त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मग पाय अडू लागले. उंबऱ्याशी आल्या की दोन्ही पाय जमिनीला खिळायचे. मन पुढे, पाय मागे, आणि बाई तोंडावर. मुंबईच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि औषध नाही हेही सांगितलं. मूलबाळ नव्हतं. नाना कचेरीत गेले की मी त्यांच्याकडे जाऊन बसायची. एकदा त्या नळाच्या वाटेकडे बघत म्हणाल्या, "दुखत नाही गं काही. पण माझेच पाय आणि माझंच ऐकत नाहीत. एकदा, फक्त एकदा त्यांनी माझं ऐकावं, मग खुशाल जाऊ देत." मी तांदूळ निवडत राहिले.

आमचे हे तेव्हा खाडीवरच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवत. एकदा काकूंच्या गुडघ्याला पडून सूज आली म्हणून ह्यांच्या बरोबर कामाला असलेला दामू गोणपाटात बर्फ घेऊन आला. दामू जवळच्या राई गावचा, कोळ्याचा. काकूंनी त्या बर्फावर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. "ह्याच्यावर उभं राहायचं होतं रे एकदा," त्या म्हणाल्या. मी पदराने डोळे पुसताना बघून दामू म्हणाला, "मंग रडताव कशाला? आपल्याकं दुसरं न्हाय काय, बरफ तं हाय!"

मला वाटलं, बोलला आपलं. पण पावसाळ्यात होड्या बंद, कारखाना बंद, आणि नारळी पौर्णिमेआधी मशीन चालू करून बर्फाची खोली गार करायचीच असते. त्या वर्षी दामूने आणि ह्यांनी बर्फाच्या पहिल्या लाद्या उभ्या न रचता जमिनीवर आडव्या पसरल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. फटींत पाणी ओतलं. ते गोठलं की पुन्हा ओतलं. मालकाला ह्यांनी आधीच विचारलं होतं. तो म्हणाला, "करो, पर गिरना मत."

नानांनी ऐकलं आणि साफ नाही म्हणाले. "हाड मोडलं तर कोण जबाबदार? तू, की तुझा नवरा?" असं मला विचारलं, तेही आवाज चढवून. मला राग आला, पण त्यांचं खोटं नव्हतं. काकू खाटेवरून म्हणाल्या, "अहो, घरात रोज पडतेच आहे. एकदा हौसेनं पडू द्या."

नाना उठून बाहेर गेले. आता दिवसभर परत येत नाहीत, असं मला वाटलं. थोड्या वेळाने आले, खाटेखालची ट्रंक ओढली, फडकं सोडलं आणि पाती आपल्या कचेरीच्या बुटांखाली धरून पात्यांबरोबरच्या छोट्या किल्लीने आवळू लागले. बूट मोठे होत होते. "दोन मोजे घालायला सांग तिला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

कारखान्यात दामूने लादीवर नारळ फोडला. काकूंना ह्यांनी आणि नानांनी दोन्हीकडून धरून आणलं. अंगात सिमल्याचा जुना स्वेटर, साडी वर खोचलेली. आणि दाराशी व्हायचं तेच झालं. उंबऱ्याला पाय खिळले. बुटांतले पाय थरथरत होते, पाती सिमेंटवर करकरत होती, पण पाऊल काही निघेना. आतून गार वाफ अंगावर येत होती. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. नाना म्हणाले, "चल, घरी जाऊ." तेव्हा दामू आत उकिडवा बसला आणि त्याने काकूंचा एक पाय दोन्ही हातांनी उचलून बर्फावर ठेवला, देवाचा टाक ठेवावा तसा. "आता बघा काकू. ही भुई न्हाय."

दुसरा पाय आपोआप आला. त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सोडा."

ह्यांनी हात सोडला. नाना सोडेनात. "अहो, सोडा मला."

नानांनी सोडलं, आणि काकू गेल्या. देवाशप्पथ सांगते, गेल्या! उंबऱ्यावर खिळलेले तेच पाय, एक पुढे, मग दुसरा, लांब आणि संथ, समोरच्या भिंतीपर्यंत. तिथे अंग जरासं कलंडवून वळल्या आणि परत आल्या. हात थरथरत होता, पायांना त्याची गंधवार्ता नव्हती. तिसऱ्या की चौथ्या फेरीला पडल्या. बसून पडल्या. आणि हसल्या, मी आधी कधी ऐकलं नव्हतं असं हसल्या. "बघितलंत? ऐकलं त्यांनी माझं!" नाना भिंतीला टेकून तोंडात रुमाल धरून उभे होते. मी तर सरळ भोकाड पसरलं.

बाहेर सिमेंटवर आल्यावर पाय पुन्हा खिळले. घरी आणताना नानांनी त्यांना उचलूनच टांग्यात बसवलं. चाळीतल्या बायका दारांत उभ्या होत्या. त्या दिवसानंतर कोणी डोळे मिचकावले नाहीत.

पण नानांनी त्यातली एक गोष्ट मनात धरून ठेवली. दुसऱ्या सकाळी त्यांनी खाटेपासून मोरीपर्यंत ओलं फडकं फिरवलं, काकूंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि उलटं चालत म्हणाले, "उचलू नकोस. सोडून दे." काकू सरकल्या. अगदी बर्फासारखं नव्हे, पण मोरीपर्यंत आपल्या पायांनी गेल्या. मग हे रोजचंच झालं. दोन पावसाळे त्या बर्फावरही उभ्या राहिल्या, दुसऱ्या वेळी नानांचा हात धरून. तिसऱ्या पावसाळ्यात खाट सुटेना, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी काकू गेल्या. सवाष्ण गेल्या, म्हणून पायांना कुंकू मी लावलं. ते पाय आता थरथरत नव्हते. मला ते बघवेना.

तेरावं झालं. दुसऱ्या सकाळी मी नानांना चहा द्यायला गेले. खाट रिकामी, गादी गुंडाळलेली, आणि खाटेपासून मोरीपर्यंत फरशी ओली. फडकं पिळून बाजूला ठेवलेलं. नाना खाटेशी उभे होते, दोन्ही हात पुढे धरून.

"नाना, फरशी ओली आहे," मी म्हणाले. "भिंतीला धरा."

त्यांनी हात खाली घेतले. चपला काढल्या. भिंत हाताशी होती, पण तिला हात लावला नाही. एक पाय पुढे सरकवला, मग दुसरा, आणि माझ्या देखत तो भित्रा माणूस मोरीपर्यंत घसरत गेला.