सरांच्या पावलांचा नकाशा

आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण तो धोंडा आधी विद्यार्थ्यांच्या पायांवर आपटून, नीट लागला की नाही ते पाहून, मग स्वतःच्या पायावर घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे भूगोलाचे सर. माझे केस पिकले, दात हलायला लागले, पण सरांचा विषय निघाला की माझ्या कपाळाची शीर अजून उडते. त्यांच्याबद्दल आपुलकीने लिहायचं असं ठरवून बसलो आहे. रागाने लिहिलं गेलं तर दोष त्यांचाच समजावा.

सत्तरच्या दशकात आमच्या कर्जतच्या शाळेत तरुणांसाठीची एक पदक-योजना आली. समाजसेवा करा, एखादी कला शिका आणि शेवटी चौघांच्या गटाने तीन दिवस डोंगरातून पायी भटकून या. सगळं पार पडलं की मुंबईच्या मोठ्या सभागृहात रौप्यपदक. आमच्या घरात तोवर कोणालाच कशाचंही पदक मिळालं नव्हतं. वडिलांनी समारंभासाठी माझ्या पँटचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. योजनेबरोबर गुळगुळीत कागदावर छापलेली नियमावली आली आणि ती नेमकी सरांच्या हाती पडली. दुसऱ्या कोणी ती कपाटात टाकली असती. सरांनी पाठ केली. पाठीवरचं ओझं ठरलेल्या वजनाचंच हवं, म्हणून ते आम्हाला पिशव्यांसकट भाताच्या गिरणीत नेऊन काट्यावर उभं करायचे आणि गिरणीवाला विचारायचा, "गुरुजी, पोरं इकायला काढली का काय?" गटाने एकट्याने जावं आणि परीक्षकाने लांबून, न दिसता नजर ठेवावी, असाही नियम होता. परीक्षक अर्थातच सर. सराव-फेऱ्यांत ते करवंदीच्या जाळीआड लपायचे. पण सहा फूट उंची, हातात काळी छत्री आणि दर पाच मिनिटांनी खोकला, असा माणूस कोणत्या जाळीआड मावणार? गुरं राखणारे बाप्ये टेकाडावरून ओरडायचे, "तुमचं मास्तर त्या आंब्यामागं हाय रं!" आम्ही ऐकू न आल्यासारखं करायचो, कारण बाहेरची मदत घ्यायची नाही, हाही नियम होता.

सरकारी नकाशावर सरांचा काडीचा विश्वास नव्हता. "साहेबाने तो घोड्यावर बसून काढलाय, चालणाऱ्याला काय उपयोग?" असं ते म्हणायचे. म्हणून वर्षभर दर रविवारी त्यांनी भिवपुरीपासून पेठच्या किल्ल्यापर्यंतचा मुलूख स्वतः पायी मोजला आणि आमच्यासाठी स्वतःचा नकाशा काढला. ओढे, वड, टेकाडं, सगळं त्यात होतं. फक्त अंतर मैलांत नव्हतं, पावलांत होतं. वडापासून बाराशे पावलं, मग डावीकडे. डिसेंबरात तो नकाशा घेऊन आम्ही निघालो आणि ही पावलं कोणाची, हे विचारायचं चौघांपैकी एकालाही सुचलं नाही! सरांच्या एका ढांगेत आमची दीड पावलं बसायची. आम्ही बाराशे पावलं इमानाने, मोठ्याने मोजली आणि खरं वळण यायच्या कितीतरी आधी डावीकडे वळून भलत्याच घळीत उतरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे तांदूळ होते, डाळ होती, पण ती शिजवायला पाण्याचा थेंब नव्हता. गटनायकाच्या टाचा फुटल्या होत्या. मागे कुठेतरी खोकला ऐकू येत होता. म्हणजे आम्ही चुकलोय हे सरांना दिसत होतं, पण परीक्षकाने बोलायचं नाही ना! मला सांगा, याला काय म्हणावं?

अखेर एक लहानशी वस्ती लागली. पहिल्याच घरातल्या बाईंनी पाणी दिलं. पाण्याला परवानगी होती, ते आम्ही घटाघटा प्यायलो. उघड्या दारातून आत भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसत होती, तिला झेंडूची ताजी माळ होती. चुलीवर तांदळाच्या भाकरी चालल्या होत्या आणि सुकटीच्या वासाने माझ्या पोटात नुसता खड्डा पडला होता. बाईंनी विचारलंसुद्धा नाही, सरळ ताटल्या मांडल्या.

"बसा रं पोरांनो. दोन घास खाऊन मंग जावा."

"नको मावशी," मी म्हणालो, "आम्हाला नियम आहे. बाहेर कोणाकडे खायचं नाही."

बाईंचा हात भाकरीवर थांबला. "आसं हाय व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या मंग. आसलं नेम आमी लय ऐकल्यात, बाबा."

माझे कान तापले. हा नियम वेगळा, छापील, मुंबईहून आलेला, हे त्यांना सांगून खरं वाटलं असतं का? त्यांच्या दारात ज्यांनी ज्यांनी अन्नाला नाही म्हटलं होतं, त्यांच्या रांगेत मी जाऊन उभा राहिलो होतो. आमच्या गटनायकाने पाठीवरची पिशवी उतरवली आणि ताटलीसमोर बसला. मग आम्ही तिघंही बसलो. पहिला घास तोंडात गेला आणि अंगणात खोकला आला.

"मी पाहिलं," सर वही उघडत म्हणाले.

"ह्ये कोन रं?" बाईंनी विचारलं.

"आमचे सर."

"मंग भायेर का उभं? या गुरुजी, तुमी पन बसा."

सरांनी वहीकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. छत्री भिंतीला टेकवली, वहाणा काढल्या आणि आमच्या पंगतीत मांडी घातली. दोन भाकरी खाल्ल्या, वर सुकट मागून घेतली. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. परीक्षकच जेवला, आता कोण कोणाला पकडणार? पदक पक्कं!

सोमवारी त्यांनी आम्हाला अहवाल वाचून दाखवला. "गटाने बाहेरचे अन्न घेतले. योग्य केले. नियमाप्रमाणे गट अनुत्तीर्ण. परीक्षकानेही अन्न घेतले, सबब परीक्षकही अनुत्तीर्ण." खाली लफ्फेदार सही. आमचं पदक गेलं आणि महिनाभरात त्यांचं परीक्षकपदही गेलं. वर्षभराचे रविवार, तो नकाशा, सगळं पाण्यात!

मी शिक्षकांच्या खोलीत शिरून त्यांना तोंडावर विचारलं, "सर, तिथे बघायला कोण आलं होतं? दोन ओळी लिहिल्या नसत्या तर काय बिघडलं असतं?"

सर रागावले नाहीत. "अरे, त्या बाईंच्या घरी आपण पाच जण जेवलो," ते म्हणाले, "ही लपवायची गोष्ट आहे का?"

सोळाव्या वर्षी मला त्या वाक्यात माझ्या गेलेल्या पदकाखेरीज काही दिसलं नाही. त्याचा अर्थ कळायला मला पुढे दहा वर्षं लागली, आणि हल्ली चिडतो तो बहुतेक त्या दहा वर्षांवरच. त्यानंतर मी सरांशी बोलणं टाकलं. ते बाजारात समोरून आले की मी रस्ता ओलांडायचो. ते पलीकडून हात वर करायचे. जूनमध्ये संस्थेने त्यांची लांब कुठेतरी बदली केली. निघाले त्या सकाळी मी शाळेच्या फाटकाशी होतो. ट्रंक, वळकटी टेंपोत चढवून सर पुढे बसले आणि मला पाहून त्यांनी हात वर केला. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागलो. पट्ट्याला काहीही झालेलं नव्हतं. टेंपो वळणापलीकडे जाईपर्यंत मी मान वर केली नाही.