देवळीच्या स्टॉपवरचा धक्का

देवळीच्या स्टॉपवर, भर दुपारी, मी एका कोऱ्या करकरीत बसला मागून खांदा लावला होता. डावीकडे कंपनीचे मालक, उजवीकडे सोयाबीनचे दोन शेतकरी आणि लग्नाला निघालेला एक सुटाबुटातला गृहस्थ. सगळे घामाघूम. बसला काहीही झालेलं नव्हतं.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. वर्धा शहरात आणि आसपास बस चालवणाऱ्या एका खासगी कंपनीत वर्कशॉप मॅनेजर आहे. आमच्या जुन्या बस म्हाताऱ्या झाल्या होत्या. नव्या कोणत्या घ्यायच्या यावरून मालकांचं आणि माझं बरेच दिवस वाजत होतं. मालकांना सगळे भैयाजी म्हणतात. त्यांचं म्हणणं क्लीन डिझेल, माझं म्हणणं हायब्रिड. शेवटी दोन्ही बस एकेक आठवडा ट्रायलला मागवायचं ठरलं.

"कुबडेजी, तुमची गाडी पास झाली तर तुमचं खरं," भैयाजी म्हणाले. "फेल झाली तर समुद्रपूरचं वर्कशॉप सांभाळा."

समुद्रपूरचं वर्कशॉप म्हणजे एक पत्र्याची शेड आणि तिच्यात कंपनीच्या सगळ्यात खटारा गाड्या. मी नुकतंच बोरगाव मेघेत घर बांधलं होतं. बायकोनं वास्तूच्या जेवणासाठी मागून आणलेली पातेलीसुद्धा अजून परत केली नव्हती. तिला मी समुद्रपूरचं काही बोललो नाही.

पहिला आठवडा क्लीन डिझेलचा. या बसचं इंजिन डिझेलचंच असतं, पण धूर बाहेर पडायच्या आधी त्यातली काजळी एका फिल्टरमध्ये अडकते. गाडी जरा सलग, दमात चालली की फिल्टर तापतो आणि ती काजळी जळून जाते. गाडी नुसतीच उभी राहून गुरगुरत राहिली, तर फिल्टर तुंबतो.

आणि आमच्याकडे तर इंजिन बंद करायची पद्धतच नाही. जुन्या गाड्यांचे स्टार्टर असे, की गाडी एकदा बंद झाली की धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून ड्रायव्हर मेश्रामभाऊ चहा प्यायला उतरले तरी गाडी सुरू. जेवायला बसले तरी सुरू. आठवडा संपता संपता डॅशबोर्डवर फिल्टर तुंबल्याचा पिवळा दिवा लागला आणि बस बैलगाडीच्या चालीनं वर्ध्यात शिरली. मी चेहरा दुःखी ठेवला. आतून मला उकळ्या फुटत होत्या.

मग माझी हायब्रिड आली. हिच्यात डिझेल इंजिनही असतं आणि बॅटरीवरची मोटरही. ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद बॅटरीत भरली जाते, आणि निघताना मोटर तीच वापरते. शहरात दर फर्लांगावर स्टॉप, म्हणून तिथे डिझेल वाचतं. मुख्य म्हणजे स्टॉपवर इंजिन आपलं आपण बंद होतं. बंद म्हणजे अगदी गप्प.

यावर मी मेश्रामभाऊ आणि कंडक्टर सुनंदाताई थूल यांचा चांगला क्लास घेतला. फळ्यावर बॅटरी काढली, मोटर काढली, बाण काढले. आवाज थांबला तर घाबरायचं नाही, हे मी इतक्या वेळा सांगितलं की सुनंदाताई म्हणाल्या, "साहेब, आम्ही नाई घाबरत. तुम्ही पाणी प्या."

आठवडा झकास गेला. शेवटच्या दिवशी भैयाजी स्वतः बसमध्ये बसले. मी त्यांच्या शेजारी. सकाळी घरून वांग्याची भाजी आणि भाकरी दाबून खाल्ली होती, आणि बसचा एसी गार होता. बोरगाव मेघे मागे पडेपर्यंत मी बॅटरीचे गुण सांगत होतो. पुढे कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली ती शांततेनं. खडखड नाही, थरथर नाही. बाहेर देवळीचा स्टॉप. मी शाळकरी असल्यापासून या शांततेचा एकच अर्थ आहे.

"बंद पडली," मी उठून ओरडलो. "चला, उतरा सगळे. धक्का मारा."

आमच्या जिल्ह्यात हे वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागत नाही. कोणी काऊन म्हणून विचारलं नाही. पिशव्या सीटवर ठेवून सगळी बस खाली. घाबरायचं नाही म्हणणाऱ्या सुनंदाताईही पदर खोचून मागे आल्या. भैयाजी वडिलांच्या ट्रकवर क्लीनरकी करून वर आलेले. ते बाह्या सारून सगळ्यात आधी उभे. माझ्या सांगण्यावरून त्यांनी काही करण्याची ती पहिलीच वेळ.

फक्त एक आजी जागची हलली नाही. सुनंदाताईंनी विनवलं तर म्हणाली, "म्या बसून जायाचं तिकीट काढलं, ढकलाचं नाई."

"मेश्रामभाऊ, हां म्हटलं की क्लच सोडा," मी पुकारलं. त्यांनीही जुन्या सवयीनं ब्रेक सोडला आणि स्टिअरिंग आवळून धरलं. या बसला क्लचचं पायडलच नाही, ही ढकलून सुरू होऊच शकत नाही, हे मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं.

जोर लावला. बस जराशी हलली. मी म्हटलं, "हां." मेश्रामभाऊंनी ॲक्सिलरेटर दाबला, मोटर मुळातच तयार होती, आणि बस आवाज न करता सटकली. आम्ही जिथे टेकलो होतो तिथे काही उरलं नाही. मी तोंडावर पडलो, माझ्यावर भैयाजी, त्यांच्यावर सूटवाला. पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. "झाली सुरू," शेतकरी समाधानानं म्हणाले.

बस एकट्या आजीला घेऊन पार पुढच्या वळणापर्यंत गेली. आरशात कोणी दिसेना, तेव्हा मेश्रामभाऊ थांबले. आम्ही पळत जाऊन चढलो. सुनंदाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साहेब, आता घाबरा."

भैयाजी वर्ध्यापर्यंत कोपर चोळत बसले. मी मनात समुद्रपूरला भाड्याची खोली शोधत होतो. ऑफिसात त्यांनी दोन्ही आठवड्यांचं डिझेल मापून घेतलं. हायब्रिडला बरंच कमी लागलं होतं.

"गाडी पास आहे, कुबडेजी," ते कोपराला मलम लावत म्हणाले. "नापास आपण झालो. हायब्रिड घेऊ. पण स्टॉपवर लोकायले आवाज पाहिजे. नाई तर दर स्टॉपवर उतरून ढकलतील, अन् सगळ्यात पुढं तुम्ही असान."

"आवाज कुठून आणू?"

"तो तुमचा प्रॉब्लेम."

आता आमच्या नव्या बसमध्ये पुढच्या स्टॉपचं नाव सांगणारा जो स्पीकर आहे, त्यावर गाडी उभी राहिली की जुन्या डिझेल इंजिनाची खडखड लागते. इंजिन बंद, धूर नाही, डिझेल शून्य, आणि प्रवासी निवांत. इंजिनिअरिंगला शिकत असताना मी बसमधला आवाज कमी कसा करावा यावर प्रोजेक्ट केला होता.

तेव्हा नवी गाडी घेताना इंजिनाबरोबर माणसांचे कान आणि मॅनेजरची झोप यांचीही ट्रायल घ्यावी, असं माझं मत झालं आहे.

खडखड चांगली दमदार हवी, म्हणून रेकॉर्डिंगसाठी कंपनीतली सगळ्यात खटारा बस निवडली. ती समुद्रपूरला होती. मला जावंच लागलं. तीच घेऊन परत येताना ती वाटेत बंद पडली, आणि मी मुकाट्यानं खाली उतरलो.