लॉगिनच्या यादीतली दोन नावं

पालक सभा संपून चहा चालू होता. सातवीतल्या एका मुलीचे वडील माझ्याजवळ आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, “मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या वेबसाईटवर जुगार लागतोय. पोरीला तुमचं लिखाण दाखवायला गेलो, तर भलतंच उघडलं.”

मुलगी सारखी गैरहजर राहते म्हणून महिन्यापूर्वी याच माणसाला मी शाळेत बोलावून चार शब्द सुनावले होते. त्याचा वचपा काढायला हा आज सगळ्या पालकांत असं बोलतोय, एवढंच माझ्या मनात आलं. बघते म्हणाले आणि चहा अर्धा सोडून वर्गात निघून गेले.

मी भूम तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. माहेर माकणीचं. माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिच्या बोलण्यात मराठीच्या मधे मधे कानडी येतं, आणि असे कितीतरी शब्द येतात की वर्गात सांगितले तर मुलं हसतात. कोरडी भाकरी खायला जे लागतं ते कोरड्यास, म्हणून पातळ आमटी झाली तरी ती तिच्या तोंडात कोरड्यासच. वेळेआधी पोचायचं तर येरवाळी निघायचं. हे शब्द तिच्याबरोबर जाऊ नयेत म्हणून मी ब्लॉग सुरू केला. एका शब्दाला एक पान. तो शब्द ती कधी वापरते, कुणाला उद्देशून वापरते, त्या दिवशी घरात काय चाललं होतं, असं सगळं त्यात यायचं. वाचणारे थोडेच होते, पण लातूर-सोलापूरकडून पुण्याला गेलेली माणसं कधी कधी लिहायची की आमची आजी पण असंच म्हणायची.

सुरुवातीची दोन वर्षं ब्लॉग फुकटच्या जागेवर होता. आमच्या शाळेत तेव्हा गणिताचे एक सर होते. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, बोलायला कमी, आणि शाळेतला प्रिंटर बिघडला की सगळे ज्यांच्याकडं बघायचे असे. त्यांनीच मला स्वतःचं नाव, म्हणजे डोमेन, आणि साईट ठेवायला भाड्याची जागा, म्हणजे होस्टिंग, घ्यायला लावलं. दुसऱ्याच्या जागेत राहिलं तर कधी उठवतील सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका दुपारी मधल्या सुट्टीत त्यांनी सगळं उभं करून दिलं. माझ्या ईमेलचा पासवर्ड मला त्या दिवशी आठवेना, म्हणून होस्टिंगचं खातं त्यांच्या ईमेलवर उघडलं. नंतर बदलू म्हणालो. ते नंतर कधी आलंच नाही.

पुढं बदल्या झाल्या. माझे मिस्टर पण शिक्षक, त्यामुळं पती-पत्नी एकत्र या नियमात मी जागेवर राहिले आणि सरांना परंडा तालुक्यात सोनारीजवळच्या शाळेत जावं लागलं. निरोपाच्या दिवशी ते नीट बोलले, हसले. स्टाफरूममध्ये मात्र कुणीतरी म्हणालं की सरांना लई वाईट वाटलंय, बदल्यांच्या यादीत त्यांच्यावर अन्याय झालाय. मी ते ऐकलं आणि मनाच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

त्या पालकांनी सांगितलं त्या संध्याकाळी मी घरच्या कॉम्प्युटरवर साईट उघडली. सगळं जागच्या जागी. माझे शब्द, माझ्या अव्वाचा फोटो. माणूस खोटं बोलला याची खात्रीच झाली. पण माझ्या नणंदेनं आठवड्यानं फोन करून तेच विचारलं, आणि ती काही माझ्यावर डूख धरून नव्हती. मग मिस्टरांच्या मोबाईलवर गुगलमध्ये माझ्या साईटचं नाव शोधून त्यावर बोट ठेवलं. क्षणभर पांढरा पडदा, आणि मग रंगीत पत्ते, नाण्यांचा ढीग, ‘आत्ताच खेळा’. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. कॉम्प्युटरवर सगळं स्वच्छ आणि लोकांच्या मोबाईलवर जुगार. कुणीतरी मला दिसणार नाही अशा बेतानं हे केलं होतं.

होस्टिंग कंपनीच्या चॅटवर लिहिलं. तिकडं एक नाव यायचं, पण उत्तरं इतकी गुळगुळीत यायची की समोर माणूस आहे का यंत्र, तेच कळेना. आपली गैरसोय आम्ही समजतो, असं त्यानं तीनदा लिहिलं. चौथ्यांदा म्हणाला की खातं आपल्या नावावर नाही, खातेदाराच्या ईमेलवर कोड पाठवलाय, तो सांगा. खातेदार म्हणजे सर. मी चॅट बंद केली.

त्याच दिवशी मी कुणी कधी लॉगिन केलं त्याची नोंद ठेवणारं एक प्लगइन, म्हणजे साईटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बसवलं. जुनी नोंदही त्याला सापडली असावी, कारण पहिल्याच यादीत माझ्याशिवाय दोन नावं निघाली. एक सरांचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, दहा-पंधरा मिनिटं. बदली होऊन वर्ष झालं तरी चालूच. दुसरं एक इंग्रजी नाव होतं, मदतनीस अशा अर्थाचं, आणि ते कोणत्याही वारी कोणत्याही वेळी येऊन जायचं. दोन्हींना अॅडमिनचे, म्हणजे मालकाचे, सगळे अधिकार होते. मला वेगळा पुरावा नको होता. एक नाव उघड वापरायचं आणि एक लपून, असा माझा हिशेब बसला. बदलीचा राग. गणिताचा माणूस, सावकाश डोकं चालवणारा. मिस्टर म्हणाले, “अगं, एकदा त्यांना विचार तरी.” मी म्हटलं, विचारलं तर ते सावध होतील.

मी त्यांना विचारलं नाही. सरांचं नाव साईटवरून काढून टाकलं. दुसरं नाव काढलं तर ते दोन दिवसांत परत आलं, आणि त्यानं माझा संशय आणखी पक्का झाला, कारण मालकीचं खातं तर त्यांच्याच ईमेलवर होतं.

यानंतरचे दोन महिने मी कुणाशीच सरळ वागले नाही. शाळेत कुणी मोबाईल काढून हसलं की मला वाटायचं माझीच साईट बघतायत. मुख्याध्यापकांनी मला एकदा ऑफिसात बोलावलं तर जाईपर्यंत मी मनात उत्तरं तयार केली, आणि त्यांनी विचारलं ते पोषण आहाराच्या तांदळाचं. सरांचे दोन-तीन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. मग त्यांचा मेसेज आला: ‘मॅडम, साईटबद्दल बोलायचं होतं. उशीर करू नका.’ मी तो कितीदा वाचला. उशीर करू नका, हे मला धमकीसारखं लागलं. मिस्टरांनाही दाखवला नाही.

लिहिणं मात्र थांबवलं नव्हतं. दर शनिवारी शाळा सुटल्यावर अव्वाला फोन लावायचे आणि एखादा शब्द काढून घ्यायचे. साईटवरच टाईप करायचे, तिथंच ठेवायचे. वेगळी प्रत कधी ठेवली नाही. एका सोमवारी साईट उघडली तर पांढऱ्या पानावर एक ओळ होती: हे खातं बंद करण्यात आलं आहे.

पुढच्या रविवारी मी सोनारीला निघाले. मिस्टर येतो म्हणाले, मी नको म्हटलं. परंड्यापर्यंत एसटी, तिथून जीप. रविवार असल्यानं भैरवनाथाला जाणाऱ्यांनी जीप खच्चून भरली होती. माझ्या मांडीवर कुणाची तरी नारळाची पिशवी होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य होतं की मला सगळं कळलंय.

सरांचं घर देवळापासून जरा आत. दाराला जाळी लावलेली होती, माकडं आत येतात म्हणून. त्यांच्या बायकोनं जाळी उघडली, ओळखलं, आणि पाणी आणायला आत गेली. सर बाहेर आले ते हातात लॅपटॉप घेऊनच, जणू मी येणार हे त्यांना माहीत होतं. त्यामुळं माझं पहिलं वाक्य अडलं. मी नुसतंच म्हटलं, “साईट बंद पडली, सर.”

“व्हय. त्या जुगारावरून कंपनीनं आधी तीन इशारे दिले होते. माझ्या ईमेलवर आले. म्हणून तर फोन करत होतो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, शाळेत गणित समजावायचे तसं, एक पायरी झाल्याशिवाय पुढची नाही. पहिल्या रविवारी ते यायचे ते साईटची पूर्ण प्रत काढून ठेवायला. मी स्वतः बॅकअप घेणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि सांगितलं असतं तर मला कमीपणा वाटला असता, म्हणून बोलले नव्हते. दुसरं नाव त्यांचं नव्हतं. त्यांनी ते आपल्याकडच्या शेवटच्या प्रतीत पुरतं तपासून पाहिलं होतं. ते एका थीमबरोबर आत आलं होतं, साईटचं रूप बदलणारी असते ती. लॅपटॉप माझ्याकडं वळवून त्यांनी तिचं नाव दाखवलं.

मला ती लगेच ओळखू आली. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः उतरवून घेतली होती. तिच्यात देवनागरी अक्षर फार सुबक दिसायचं. मूळ जागी ती विकत होती आणि दुसऱ्या एका साईटवर तीच फुकट मिळाली. ‘डाऊनलोड’ची तीन बटणं होती आणि त्यातलं खरं कुठलं हे शोधून काढल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. ती कुठून आणली हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुनियेतल्या प्रत्येकावर संशय घेतला आणि त्या साईटवर घेतला नाही.

“तुम्हाला मालकीचं खातं उघडता येत होतं की,” मी विचारलं. “थीम काढून टाकायची होती तुम्हीच.”

आत भांड्याचा आवाज झाला, मग थांबला. बायको ऐकत असावी.

“तुम्ही माझं नाव काढलं, मॅडम. मग मी हात कसा लावणार?”

मी त्यांना खरं सांगितलं. बदली, राग, दोन नावं, धमकी वाटलेला मेसेज, सगळं. बदलीचं ऐकताना त्यांची मान एकदाच हलली. ते म्हणाले की वाईट वाटलं होतं, पण ते बदल्यांच्या यादीचं. तुमचं नाव त्यात कुठं येतं हे माझ्या डोक्यातच आलं न्हाय, असं म्हणून त्यांनी बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी माफी मागितली. ते असू द्या म्हणाले. शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं तर याच आवाजात ते असू दे म्हणायचे, आणि मग वहीवर काट मारायचे.

त्या दुपारी त्यांनी डोमेन माझ्या ईमेलवर करून दिलं. नवीन होस्टिंग घेताना प्रत्येक बटण मलाच दाबायला लावलं. थीम, प्लगइन काही नको, साधी पानं ठेवा म्हणाले, आणि मी मुकाट्यानं ऐकलं. त्यांच्या प्रतींमधून जवळजवळ सगळं परत आलं. त्यांचं नाव मी काढलं त्यानंतरच्या दोन महिन्यांतले आठ शब्द मात्र गेले. जुन्या कंपनीनं ती जागा पुसून टाकली होती. माकणीला जाऊन अव्वाला विचारलं तर तिला पाच आठवले. बाकीच्यांचं ती म्हणाली, “म्या असं काय बोलले व्हते का? तूच सांग.” मलाही आठवेना.

त्या दिवशी सोनारीहून निघताना मी सरांना म्हटलं होतं की नव्या साईटवर पण तुमचं नाव घालते, पूर्वीसारखं. त्यांनी लॅपटॉपचं झाकण लावलं.

“नको. आता तुमच्याकडंच असू द्या.”

आणि पेनड्राईव्ह माझ्या हातावर ठेवून म्हणाले की यात सगळं आहे, दुसरी प्रत माझ्याकडं ठेवली न्हाय.

जाळीबाहेर येऊन चपला घातल्या, त्यांच्या बायकोला भूमला या म्हटलं. परतीच्या जीपमध्ये पेनड्राईव्ह पर्समध्ये आहे का हे मी चाचपून बघत होते. परंडा यायच्या आधीच मनात आलं की खरंच ठेवली नसेल का दुसरी प्रत. एवढ्या वर्षांची, इतकी नेमानं काढलेली प्रत माणूस अशी सहज देऊन टाकतो का. मला माझाच वीट आला. तरी स्टँडवर उतरून भूमच्या गाडीत बसेपर्यंत मी तोच विचार उलटा-पालटा करत होते.

आता पहिल्या रविवारी सकाळी प्रत मीच काढते. सरांचा दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज येतो, मीही पाठवते. साईटबद्दल आम्ही दोघंही काही लिहीत नाही.